पप्पांच्या ढालीवरचे झाडू

शुक्रवार, १४ नोव्हेंबर. स्कारबरो.

पप्पांना स्वतःचं कुलचिन्ह हवंय. कॅनडाच्या कुठल्याही नागरिकाला त्यासाठी ओटावाला सरकारकडे अर्ज करता येतो, हे त्यांना चर्चमध्ये कळलं. आज जेवण झाल्यावर त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला. हिरवी ढाल, तिच्यावर सोनेरी पेन्सिलीने काढलेले दोन झाडू, एकमेकांना छेदणारे. वर वसईचं विड्याचं पान. बावीस वर्षं शाळेची साफसफाई केली त्यांनी.

मी म्हटलं, "पप्पा, झाडू लांबून ओळखू येणार नाहीत. डिझाइन म्हणून चुकतंय."

"मग काय ठेवू?"

"फक्त पान."

ते हसले. "बरं बाय. इंजिनिअर तू, मी कोण सांगणारा?" आणि लगेच खोडायला बसले.

मी खोटं बोलले. गडद रंगावर सोनेरी, मोजके आकार, स्वच्छ कडा. लांबून ओळखू यावं म्हणून जे जे करायचं, ते त्यांनी न शिकता केलं होतं. त्या झाडूंत एकही चूक नव्हती. ती ढाल माझ्याही नावाला लागेल, ऑफिसात कुणीतरी विचारेल, एवढंच डोक्यात होतं. ते तोंडावर बोलायची हिंमत नव्हती, म्हणून डिझाइनचं नाव घेतलं. किती सफाईने. त्यांना शंकासुद्धा आली नाही. झाडू गेले.

मघाशी किचनमध्ये मम्मीला सांगत होते, "बायने वेळेवर चूक काढली गं. नाहीतर ओटावातले लोक हसले असते मला."

मी इथून ऐकलं. उठले नाही.