तपकिरी पडलेली ज्युनिपर

प्रिय बाबा,

मी बरी आहे, काळजी नको. मोरनाबाई रोज सकाळी ओटची लापशी घालते, तुमच्यासारखीच मिठाची. तुमचा गुडघा कसा आहे?

मोरनाच्या जिन दारूच्या भट्टीसाठी मी ज्या उतारावर ज्युनिपरची फळं तोडते, तिथली झुडपं तपकिरी पडली. सरकारी माणूस आला, मुळं उकरली आणि म्हणाला, "कुजलीत. हा रोग बुटांच्या चिखलातून येतो. बाहेरून कोण आलं होतं?"

"आम्ही सगळेच हिंडतो इकडेतिकडे," मोरना म्हणाली. माझ्याकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही.

पण एप्रिलमध्ये मी आपल्या टेकडीवरून थेट इथं आले, बूट न धुता. तेव्हा आपली दोन झुडपं पिवळी दिसत होती. तुम्ही म्हणालात, वाऱ्यानं. मीही हो म्हटलं.

इथला सगळा उतार तोडून जाळणार आहेत. मोरना म्हणते, "समुद्रातलं शेवाळ घाला नाहीतर रानफुलं, ज्युनिपरशिवाय तिला जिन कोण म्हणेल?" हसली, आणि भट्टीत जाऊन दार लावून बसली.

बाबा, काल मी त्या सरकारी माणसाला आपला पत्ता दिला. सोमवारी तो येईल. भांडू नका. चहा द्या आणि वर टेकडीवर घेऊन जा. आईनं लावलेली झुडपं कुठली, ते मात्र सांगू नका. रोग निघाला तर तिथलंही सगळं तोडतील; सांगून ती वाचायची नाहीत.

तुमचीच,
ईशबेल