घरी बांधलेला गाभा

श्री. नानासो पाहुणे, मुक्काम सांगली, यांना आकारामचा वडूजहून रामराम.

आई आणि मी इकडे ठीक आहोत. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो की नाही ते कळवावं. वहिनींना नमस्कार. तुमची धाकटी बहीण, म्हणजे आमची मंगल, तुमच्याकडे येऊन पंधरवडा होत आला. ती माहेरपणाला गेली आहे असं आई शेजारी सांगते आणि शेजारी ऐकून घेतात. ती परत कधी येणार हे मी विचारत नाही. पत्र लिहिण्याचं कारण वेगळं आहे. सांगलीत संगणकाची जुनी रॅम (चालू स्थितीतली) कुठे मिळते का, तेवढी चौकशी करावी. रॅम कशाला, हे समजायला मागचं सगळं सांगावं लागेल. एक बाजू तुमच्या कानावर गेली असेलच.

मंगलचा लग्नपत्रिकांचा धंदा तुम्हाला ठाऊक आहे. गणपती, मोर, दोन्हीकडच्या मामांची नावं, सगळं ती संगणकावर जुळवते आणि तालुक्यात तिच्या पत्रिकेला नाव आहे. दिवाळीत माझा पुतण्या इंद्रजित (पुण्यात संगणकाच्या कंपनीत असतो) आला आणि त्यानं त्या संगणकावर विंडोजच्या जागी लिनक्स घालून दिलं. ते फुकट असतं आणि चांगलं असतं. मंगलनं दोन दिवस कुरकुर केली, मग तिचं काम पहिल्यासारखं सुरू झालं. तिथंच विषय संपायला हवा होता. पण इंद्रजित जाता जाता मला सांगून गेला की या लिनक्सला एक गाभा असतो, आतली सगळी यंत्रं त्याच्याच हुकमात चालतात, आणि त्याचा मूळ मजकूर जगाला खुला आहे. ज्याला हौस असेल त्यानं तो उतरवून घ्यावा आणि घरच्या घरी गाभा बांधावा. मी फौजेत सिग्नलला होतो हे तुम्ही जाणता. (मी तिथं नुसत्या तारा ओढल्या असं तुम्ही चारचौघांत म्हणता. तार कुठं जाते हे ओढणाऱ्यालाच कळतं.) शिवाय आमच्या घरात चटणी विकतची येत नाही, घोंगडं आमच्याच मेंढरांच्या लोकरीचं असतं. मग गाभाच तेवढा तयार का वापरायचा, असा साधा विचार मी केला.

मंगल पत्रिकांचा गठ्ठा पोचवायला लोणंदला गेली होती, तिथंच मुक्काम करणार होती. कामात व्यत्यय नको म्हणून मी तो दिवस निवडला. आता हा गाभा बांधायच्या आधी आपल्याला प्रश्न विचारत बसतो. अमुक यंत्राची ओळख आत ठेवू का? हो म्हणा, नाही म्हणा, किंवा ओसरीवर बसवून ठेवा, लागेल तेव्हा हाक मारा. असे प्रश्न हजारोंनी. जाणती माणसं आधीच तयार असलेली उत्तरं वापरतात (हे नंतर कळलं). मी एकेक प्रश्न वाचत बसलो. आई शेजारी लसूण सोलत होती. तिनं विचारलं, काय म्हणतंय ते? मी म्हणालो, कोणकोण आत येऊ का विचारतंय. आई म्हणाली, "मग ये म्हण की. दारात आलेल्याला न्हाई म्हणत्यात व्हय?"

मलाही ते पटलं. आमच्याकडचं चूलबंद आवतण तुम्हाला माहीत आहे. त्या दिवशी कुणाच्या घरी चूल पेटत नाही, सगळं घर जेवायला येतं. त्या हिशेबानं मी जपानी टीव्हीचं कार्ड, बोटीवरचं घड्याळ, हौशी लोकांचा रेडिओ आणि आता बहुधा कुणाकडेच शिल्लक नसलेला टेपचा पेटारा, सगळ्यांना हो म्हटलं. ऊन कलल्यावर प्रश्न आला की ह्याच संगणकात बसलेल्या डिस्कची ओळख आत ठेवू का. तो मी आईला वाचून दाखवला. आई जरा चिडली. "घरच्याला कुठं आवतण देत्यात? त्ये हायच की." बरोबरच होतं. घरच्या माणसाच्या हातात पत्रिका दिली तर तो रुसून बसतो. मी ‘नाही’ दाबलं.

मग बांधणी सुरू झाली. पडद्यावर ओळी धावू लागल्या, पंखा घरघरायला लागला. मागून येणाऱ्या गरम वाऱ्याला आईनं सांडगे ठेवले आणि ते चांगले वाळले, हे नमूद करतो. मध्येच लाईट गेली, पण आल्यावर सोडलं होतं तिथून काम पुढे सुरू झालं (गवंड्यांचा मला असा अनुभव नाही). रॅम कमी पडते आहे हे तेव्हाच ध्यानात आलं. शेवटी गाभा तयार झाला. एका घरात दोन कारभारी नकोत म्हणून जुना मी काढून टाकला आणि इंद्रजितला फोन करून तसं सांगितलं. त्यानं ‘जुना काढला?’ असं तीनदा विचारलं. मला वाटलं, भारावला.

सकाळी मंगल आली. कोरेगावचे एक गृहस्थ मुलाच्या पत्रिकेचा नमुना बघायला येऊन बसले होते, चहा झाला होता. मी बटण दाबलं. पडद्यावर इंग्रजीत जे आलं त्याचा सरळ अर्थ असा, की मला माझं मूळ सापडत नाही, मी घाबरलो आहे आणि आता मी काही करणार नाही. आणि त्यानं खरोखरच काही केलं नाही. त्याला जपानी टीव्ही ओळखता येत होता. ज्या डिस्कमध्ये मंगलच्या सगळ्या पत्रिका होत्या ती मात्र ओळखता येत नव्हती. ते गृहस्थ पुन्हा येतो म्हणाले आणि दुसऱ्या छापखान्यात गेले. मंगल ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं एवढंच विचारलं, "माझं काम हाय त्यात. मला एकदा इचारावं असं वाटलं न्हाई व्हय तुमास्नी?" मी म्हणालो, घरातल्या घरात काय विचारायचं. नानासो, हे मी समजूत काढायला म्हणालो होतो. तिनं पिशवी भरली.

आता सगळं सुरळीत आहे. इंद्रजितनं फोनवर सांगत सांगत पेनड्राइव्हवरून संगणक चालू करून दिला. डिस्कला काही झालेलं नव्हतं, मंगलचा एकही मोर दगावला नाही. मी नव्यानं गाभा बांधला, डिस्कला हो म्हटलं आणि यंत्र चाललं. मंगलला हे सांगायचं तर सांगा, नाही सांगितलं तरी हरकत नाही. रॅमचं मात्र बघा.

आपला,
आकाराम

ता. क. : दुसऱ्यांदा मी गाभा बांधला नाही. इंद्रजितनं तयारच घातला. तेव्हा रॅम नको.

आणखी ता. क. : मला घरात करमत नाही. गिऱ्हाइकं येतात, वहिनी कवा येणार म्हणून विचारतात, मी त्यांना पाणी देतो. संगणक रोज पुसतो, चालू करत नाही. आई माझ्याशी कामापुरतंच बोलते.

शेवटचा ता. क. : हे पत्र टपालानं आलेलं नाही हे तुमच्या लक्षात आलं असेल. सकाळच्या एसटीनं येऊन तुमच्या घरासमोरच्या रसवंतीत बसून ते लिहिलं आहे आणि रसवाल्याच्या हाती पाठवतो आहे. मंगल मघाशी गच्चीवर कपडे वाळत घालून गेली. नंतर पुन्हा आली तेव्हा तिनं मला बघितलं. बराच वेळ बघितलं. मग खाली येऊन तिनं तुमचं पुढचं दार उघडलं आणि ते तसंच उघडं ठेवून आत गेली. ते दार माझ्यासाठी उघडलं की वाऱ्यासाठी, एवढं तिला विचारून खिडकीतून हात करा. अंदाजानं मी आता काही करत नाही.