गच्चीवरचा झिरो डिफेक्ट

३ एप्रिल, सकाळी ७.०५
रिटायर झालो त्याला तीनच दिवस झाले. आराम पुरे झाला. जिनिंग फॅक्टरीचं स्टोअर आयुष्यभर सांभाळलेला माणूस नुसता पेपर वाचत बसू शकत नाही. पेपर वाचून झाला. आता काय?

७.४०
मोबाइलवर जाहिरात. लीन सिक्स सिग्मा, यलो बेल्ट, दोन दिवसांत, घरबसल्या. धंद्यातली क्वालिटी कशी सुधारायची ते शिकवतात. लगेच नाव नोंदवलं. साधनाला सांगितलं. बरं झालं, तेवढेच दोन दिवस, म्हणाली. प्रेमानं म्हणाली.

६ एप्रिल
पास! तसे सगळेच पास झाले, पण सर्वांत जास्त प्रश्न माझे. पुण्याचे सर शेवटी म्हणाले, "काका, बाकीच्यांनाही बोलू द्या." लीडरशिप लपत नाही.

सर्टिफिकेटची फ्रेम करून देवघराच्या बाजूला लावली. चतुराबाईनं बराच वेळ निरखून पाहिली. पट्टा कुठी हाये, म्हणे. समजावून सांगितलं की खरा पट्टा मिळत नसतो. तिला पटलं नाही. "पट्टाच नाई देल्ला, त मंग कायचा पट्टा?"

७ एप्रिल
प्रोजेक्ट ठरला. साधनाचा कुरडया-पापडाचा धंदा.

वास्तविक हा धंदा आमच्याच गच्चीवर कित्येक वर्षं चालू आहे. साधना, मागच्या गल्लीतली बिस्मिल्लाबी आणि भातकुलीहून रोज येणारी चतुराबाई. तिघी मिळून उन्हाळाभर कुरडया, पापड, काडीवर वळलेले सरगुंडे, मूगवड्या करतात. सिस्टिम काहीही नाही. माप म्हणजे मूठ. वेळ म्हणजे "झालं की." तरी माल विकला कसा जातो, हे कोडंच आहे. सुदैवाने आता मी मोकळा आहे.

त्यात यंदा मोठी ऑर्डर. बार्शीटाकळीचे महादेवराव, साधनाच्या माहेरचे. मे महिन्यात त्यांच्या मुलीचं लग्न. रुखवतातलं सगळं वाळवण साधनाकडून. म्हणजे माझ्याकडून.

८ एप्रिल, सकाळी ६.३०
गेम्बा वॉक केला. म्हणजे साहेबानं ऑफिसात न बसता प्रत्यक्ष कामाच्या जागी जाणे. गच्चीवर गेलो. हातात पॅड, गळ्यात शिट्टी.

निरीक्षण एक: तिघी सारख्या बोलतात. निरीक्षण दोन: हसतातही.

जपानी लोक अशा फुकट जाणाऱ्या वेळेला मुडा म्हणतात. "हा सगळा मुडा आहे," असं मी स्पष्ट सांगितलं. चतुराबाईला मुडदा ऐकू आलं. "सकायीसकायी काहून अभद्र बोलून राह्यले भाऊ?" म्हणाली आणि हातातलं पीठ खाली ठेवून बसली. काम अर्धा तास बंद.

या अर्ध्या तासाची नोंद तिच्या खात्यावर केली.

१० एप्रिल
फाइव्ह एस. नको ते काढा, हवं ते जागेवर ठेवा, वगैरे. गच्चीवर पिवळ्या चिकटपट्टीनं चौकोन आखले. प्रत्येक चौकोनाला लेबल. 'कच्चा माल', 'तयार माल', 'रिजेक्टेड माल'. दिसायला एकदम जपान.

नको ते काढताना साधनाचा पितळेचा सोऱ्या निघाला. एक कान तुटलेला, काळा पडलेला. भंगारवाल्याला देऊन टाकला. ऑनलाइन नवा मागवला आहे, हलका, फायबरचा. सरप्राइज.

११ एप्रिल
ऊन फार. चिकटपट्टीचा गोंद वितळला. चटया गच्चीला चिकटल्या, मूगवड्या चटयांना. 'रिजेक्टेड माल' हे लेबल बिस्मिल्लाबीच्या ओढणीला मागून चिकटलं आणि ती तशीच इतवाऱ्यात जाऊन भाजी घेऊन आली. घरी तिच्या मुलानं, इमादनं, वाचून दाखवलं.

ती सरळ माझ्यापुढे येऊन उभी राहिली. "भाऊ, मी रिजेक्ट हाये का?" मी म्हणालो, लेबल लांबूनही वाचता येतं हे सिद्ध झालं. ती ओढणी झटकत परत फिरली. कौतुकाची सवय नसते लोकांना.

नवा सोऱ्या आला. पहिल्याच गरम घाण्याला वाकला. साधनानं जुना विचारला. सांगितलं. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा जिन्याकडे, आणि चप्पल घालून निघून गेली. उशिरा आली. कुठे गेली होती ते सांगितलं नाही.

१४ एप्रिल
चतुराबाई उशिरा. ही संधी. कोणत्याही अडचणीचं मूळ शोधायचं तर पाच वेळा 'का' विचारायचं, असं सरांनी शिकवलं आहे. आपल्याकडे 'काहून' विचारावं लागतं.

काहून उशीर? ऑटो नवता. काहून नव्हता? सीटा भरल्याबिगर तो निंघत नाई. काहून भरल्या नाहीत? आज भातकुलीचा बाजार नाई. काहून नाही? आज बाजाराचा वार नाई. काहून आज तो वार नाही?

"आता तो वार तुमीच बदलून द्या ना भाऊ."

मूळ कारण सापडलं: वार. उपाय चालू आहे.

१६ एप्रिल
मोठा निर्णय. कुरडईचा गहू तीन दिवस भिजतो. रोज पाणी बदला, मग वाटा, मग चीक काढा. तीन दिवस! यालाच लीड टाइम म्हणतात आणि मोठ्या कंपन्या तो निर्दयपणे कापतात. साधना बाजारात गेलेली पाहून तिच्या गव्हात कडक गरम पाणी ओतलं. गणित सोपं आहे. गरम पाण्यात पटकन भिजेल.

१७ एप्रिल
वास येतो आहे. प्रगतीच्या काळात थोडा वास येणारच.

१८ एप्रिल
चीक निघाला नाही. जे निघालं त्याला नाव नाही. गल्लीतल्या गाईपुढे ठेवलं. गाईनं हुंगलं आणि सॅम्पल नाकारलं.

साधनाला वाटलं असेल, ओरडा बसेल म्हणून मी घाबरलो आहे. नव्हतो. पण ती ओरडलीच नाही. भांडं घासत बसली. भांडं स्वच्छ झालं तरी घासत होती. मग म्हणाली, "हे माह्या माहेरचं काम हाये हो. अख्खं गाव येईन ते रुखवत पाहाले. तुमी जराक खाली बसा ना."

गरजेपेक्षा जास्त घासणे हाही एक मुडाच आहे. पण आज सांगितलं नाही.

१९ एप्रिल
झोप नीट नाही. ॲसिडिटी असावी.

तरी माघार नाही. प्लॅन, डू, चेक, ॲक्ट. चेकपर्यंत आलो आहोत. गच्चीच्या भिंतीवर खडूनं फिशबोन काढला. माशाचा सांगाडा, प्रत्येक काट्यावर एक कारण. मीटिंग बोलावली. बिस्मिल्लाबीनं विचारलं, यात भाऊ कोन्त्या काट्यावर हायेत? मी म्हणालो, सांगाडा काढणारा सांगाड्यात नसतो.

चतुराबाई जिन्यातूनच परत फिरली. "मी माळकरी बाई, अन् माह्यापुढं भितीवर मासोयी काढता?" गळ्यातली माळ दोन बोटांत धरून तरातरा गेली. चेंजला विरोध होतोच. त्यावर एक पूर्ण लेक्चर होतं.

२१ एप्रिल
चमत्कार! साधना सकाळी चहा देताना म्हणाली, "तुमचं बरोबर हाये. तुमच्याच पद्धतीनं करू." लग्नाला इतकी वर्षं झाली, हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं. पुन्हा म्हणायला लावलं. पुन्हा म्हणाली.

२२ एप्रिल
गच्चीवर संपूर्ण शांतता. बोलणं नाही, हसणं नाही. एक चटई, तिच्यावर थोड्या मूगवड्या, ओळीत. साधना म्हणाली बाकीच्या दोघी "येऊन जाऊन करून राह्यल्या." याला फ्लेक्झिबल मॅनपॉवर म्हणतात.

२४ एप्रिल
साधनानंच सुचवलं की अकोल्याला तिच्या बहिणीकडे जाऊन यावं. साडू गोपालराव, भांड्यांचं दुकान. त्यांना क्वालिटीची फार गरज आहे, असं तिचं म्हणणं. शेवटी घरातच किंमत कळली. गाडीत जागा मिळाली नाही. बडनेऱ्यापासून मूर्तिजापूरपर्यंत एका विद्यार्थ्याला कायझेन, म्हणजे रोज थोडी थोडी सुधारणा, समजावलं. तो मूर्तिजापूरला उतरला. त्याला अकोल्याला जायचं होतं.

२५ एप्रिल, अकोला
गोपालरावांच्या दुकानात सगळ्या गंजांवर, पातेल्यांवर रंगीत कार्डं लावली. कोणता माल संपत आला ते कार्डावरून कळतं. गिऱ्हाइकांना वाटलं सेल लागला. कार्ड दाखवून भाव करू लागले. दुपारी गोपालरावांना अचानक पातूरला जावं लागलं. तिथे त्यांचं कोण आहे हे त्यांच्या बायकोलाही माहीत नव्हतं. संध्याकाळची गाडी पकडून परत.

२८ एप्रिल
आकडे पाहून डोळे भरून आले. वाया गेलेला माल: शून्य. तुटफूट: शून्य. गिऱ्हाईकाची तक्रार: शून्य. गच्चीवर शिल्लक माल: शून्य. पुस्तकात याला झिरो डिफेक्ट म्हणतात आणि मोठमोठ्या कारखान्यांना तो साधत नाही.

ऑर्डरचं विचारलं. "होऊन राह्यलं," साधना म्हणाली. तिच्या कोपरापर्यंत चिकाचे डाग होते. मी म्हणालो, ॲप्रन वापर.

३० एप्रिल
ग्रीन बेल्टची चौकशी केली. पुण्याच्या सरांनी फोन उचलला नाही. बिझी असतात.

२ मे, सकाळी १०.१५
महादेवरावांचा फोन. माल पोचला. खूश आहेत. कुरोडी कशी फुलासारखी फुलते, म्हणे. मी म्हणालो, सिस्टिम आहे. ते म्हणाले, "हो जी, पाह्यली ना मी. मांगच्या हप्त्यात माल पाहाले आलो तवा गेल्तो त्या बिस्मिल्लाबीच्या स्लॅबवर. काय काम चालू होतं बापा! तुमी दिसले नाई."

मी म्हणालो, मी अकोल्याला होतो.

१०.३०
बिस्मिल्लाबीचा स्लॅब?

११.२०
जाऊन आलो.

मागच्या गल्लीत शिरलो तेव्हाच वरून आवाज येत होता. जिना चढलो. अख्खा स्लॅब पांढरा झालेला. कुरडया, पापड, सरगुंडे. चतुराबाई तो काळा, एका कानाचा पितळी सोऱ्या फिरवत होती. म्हणजे त्या दिवशी साधना चप्पल घालून भंगारवाल्याकडे गेली होती. बिस्मिल्लाबी माझी नक्कल करत होती. गळ्यात शिट्टीच्या जागी लाटणं बांधलेलं. आणि साधना हसत होती. पाठ भिंतीला टेकवून, डोळ्यांतलं पाणी मनगटानं पुसत. ती हसताना असा आवाज काढते हे मला माहीत नव्हतं. निदान आठवत नव्हतं.

मग चतुराबाईनं मला पाहिलं. "भाऊ आले," म्हणाली. लाइनमन वायर तोडायला आला की म्हणतात, तसं.

सगळं बंद झालं.

संध्याकाळी
साधनाला विचारलं, मला सांगितलं का नाही. ती पोळ्या करत होती. "सांगतलं असतं त तुमी तिथंही आले असते," म्हणाली. रागानं नाही. त्याचंच वाईट वाटलं. शेवटची पोळी नेहमीसारखी तूप लावून मला वाढली.

सर्टिफिकेट काढून ठेवलं. त्या भिंतीला ओल येते.

३ मे
दिवसभर पेपर. जाहिरातींसकट.

संध्याकाळी न राहवून साधनाला विचारलं, तिथे मला काही काम आहे का. कोणतंही. ती म्हणाली, "त्या दोघींले विचारून सांगतो."

४ मे
मंजुरी आली. बिस्मिल्लाबीच्या स्लॅबवर वानरं फार येतात. सावलीत खुर्ची टाकून बसायचं आणि वानरं हाकलायची. काठी मिळेल. अट एकच, बिस्मिल्लाबीची: बोलायचं नाही. पॅड, शिट्टी घरी.

मान्य केलं. पद लहान असतं, माणूस नसतो.

५ मे, दुपारी २.१०
सकाळपासून तोंडातून शब्द काढला नाही. तिघी आधी दबून होत्या, मग हळूहळू बोलायला लागल्या, मग हसायलाही. मी भिंतीकडे पाहत बसलो. उडदाचे पापड लाटून झाले.

दीडच्या सुमाराला एक मोठं वानर कठड्यावर येऊन बसलं. माझ्याकडे पाहिलं. खाली उतरून पापड उचलला आणि माझ्यासमोरच खायला बसलं. काठी साधनाच्या बाजूला राहिली होती. मागायची तर बोलावं लागलं असतं. अट म्हणजे अट.

चतुराबाईनं कपाळावर हात मारला. "भाऊ, आमच्यासंगं नोका बोलू, वानराले त बोला!"

बोललो. सुरुवातीपासून सगळं बोललो.

त्यानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.