दुसऱ्या बाजूचा शेवट

३ ऑगस्ट २०२५
अनोळखी मुलीचा मेसेज — "काका, 'तिसऱ्या पाळीचं आकाश' तुमचंच ना?" चहा तसाच राहिला. इतक्या वर्षांत कोणी हे नाव घेतलं नव्हतं!

सना तिचं नाव. वडील करीमभाई पिंपरी कॅम्पात टेप-रेडिओ दुरुस्त करतात. दुकानात माझी कॅसेट सापडली म्हणे. आधी कव्हर आवडलं — धुराड्यांना फुटलेली पालवी — मग ऐकली.

दिवसा कंपनीत यंत्रांची चित्रं काढायचो, संध्याकाळी घरी हे. प्रोग्रेसिव्ह रॉक, तोही मराठीत! एकेक गाणं वीस मिनिटांचं. लोक म्हणाले, "त्यापेक्षा भजन म्हण की!" न खपलेल्या कॅसेट बायकोने, जयमालाने, माळ्यावर टाकल्या.

५ ऑगस्ट
जयमालाला सांगायला हवं होतं. चार वर्षं झाली तिला जाऊन.

१० ऑगस्ट
दुकानात गेलो. सनाला अल्बम नव्याने काढायचाय. करीमभाई हसले, "निरंजनभाऊ, पोरगी दिवसभर हेच लावते. आम्हाला पण पाठ झालं!"

तिने मोठ्या स्पीकरवर लावलं. मी मान डोलावली. खरं म्हणजे कानातल्या मशीनमधून बोलणं कसंबसं कळतं. संगीत म्हणजे नुसता पत्र्याचा खडखडाट. टेबलावर तळवा टेकला तेव्हा ड्रमचा ठोका हाताला लागला. तेवढाच.

१६ ऑगस्ट
सनाने कॉम्प्युटरवर टेपची खरखर काढली. दुसऱ्या बाजूच्या शेवटी, गिटार थांबल्यावर, मागे एक बाई हसतेय म्हणाली. "एकदम हळू. कोण आहे काका? काढून टाकू?"

रेकॉर्डिंग घरातच केलेलं, स्वयंपाकघराचं दार उघडं. दुसरं कोण असणार!

"नको. राहू दे."

मग सांगून टाकलं — मला संगीत ऐकू येत नाही आता. मी विचारलं, कसं हसतेय? माझ्याकडे तोंड करून सावकाश म्हणाली, "तोंडावर पदर धरून हसल्यासारखं. थांबून थांबून."

१७ ऑगस्ट
नव्या कव्हरसाठी हसणारी जयमाला काढतोय. किती दिवसांनी शाईला हात! ओठ जमले, डोळे जमत नाहीत. तरी बरं वाटतंय. माझ्या या वेडाला ती कंटाळली असेल असंच धरून चाललो होतो — आणि ही तिकडे हसत होती!

२३ ऑगस्ट
चित्र झालं. सनाला फार आवडलं. उद्या सायली राजगुरुनगरहून येतेय. लेकीने आईचा आवाज ऐकावा.

२४ ऑगस्ट
सायलीने हेडफोन लावून ऐकलं. पुन्हा लावलं. चित्राकडे पाहत राहिली. मग कागद ओढून माझ्याच पेनाने लिहिलं —

"बाबा, आई हसत नाहीये. रडतेय."