वामनरावांचा अंगठा

अंदमान, १९८६

प्रिय माय,
तुले सत्यवतीचा दुरून नमस्कार. काळजी करू नको, आता धोका टळला आहे.

तुझे जावई काल पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्रात खोल उतरले होते. हळूहळू वर या म्हणून शिकवणाऱ्यानं बजावलं होतं, पण घाबरून ते एकदम वर आले. बोटीतच म्हणाले, "सत्या, उजवा पाय मले जाणवूनच नाही राहिला वं!"

एकदम वर आल्यानं रक्तात हवेचे बुडबुडे झाले, ते विरावे म्हणून डॉक्टरांनी त्यांले दाबाच्या हवेच्या बंद खोलीत ठेवलं आहे. मी काचेतून पाहून राहिली. आत्ताच त्यांनी पायाचा अंगठा हलवला. डॉक्टर हसले, मी रडली.

बाबा खापरखेड्याहून ड्युटी करून आले, की जेवण झाल्यावरच सांगजो. तुझे गुडघे कसे आहेत?

पायात पूर्ण ताकद परत येईल म्हणतात डॉक्टर. कधी, ते विचारायची हिंमत नाही झाली.

तुझीच,
सत्यवती