दोन खणांची पेटी आणि एक दीर्घ वेलांटी

चि. चिमणीस,

थोरल्या भावाचे भरभरून आशीर्वाद. (तुला नात झाली तरी तू चिमणीच. तक्रार अण्णांकडे करायची होतीस, नाव त्यांनी ठेवलं.) तुझा गुडघा कसा आहे? जिना चढतेस की अजून खालच्याच खोलीत झोपतेस? मेहुण्यांना नमस्कार सांग, आणि ते रोज फिरायला जातात म्हणतात ते खरं, की कोपऱ्यावरच्या बाकापर्यंतच, तेही कळव. इकडे तुझी वहिनी ठणठणीत. माझा चष्म्याचा नंबर वाढला, पण छापील चूक अजून रस्त्यापलीकडच्या पाटीवरसुद्धा दिसते. छापखान्यात जन्मभर मुद्रितं तपासली, ती खोड काही जाता जात नाही.

तू पाठवलेली ती कॉम्प्युटरला जोडायची पेटी पोचली. उघडली, तर आत दोन रिकामे खण! मला वाटलं, वाटेत कुणीतरी हात मारला. पोस्टात जाऊन तावातावाने भांडलो. तिथल्या बाईंनी शांतपणे खोक्यावरची ओळ दाखवली, की डिस्क वेगळ्या घ्याव्यात. म्हणजे तू कपाट पाठवलंस आणि कपडे आम्ही शिवायचे. असो. कशासाठी पाठवलंस ते मी विसरलेलो नाही. अण्णांच्या कॅसेटींना बुरशी धरली तेव्हा त्या मी ज्या एका डिस्कवर उतरवून घेतल्या, ती हल्ली टकटक करायला लागली आहे, आणि कॅसेटी तर केव्हाच टाकून दिल्या. आईचा आवाज म्हणून जो काही उरलाय, तो त्या एका डिस्कवर. तू फोनवर समजावलंस की एकीवर विसंबू नकोस दादा, या पेटीत दोन बसतात, एकीतलं दुसरीत आपोआप उतरतं, एक गेली तरी दुसरी राहते. ते मी नीट लक्षात ठेवलं. जरा जास्तच नीट.

आठवतं का गं, अण्णा तो टेपरेकॉर्डर टेबलावर मांडून बसायचे ते? आधी ‘हॅलो, हॅलो, चालू आहे का?’ मग खाकरणं, मग तुझे पाढे, मग मी घसा ताणून वाचलेली वर्तमानपत्रातली बातमी. आई मात्र कधी बोलायला तयार झाली नाही. ‘माझं काय ऐकायचंय त्यात?’ म्हणायची. त्यामुळे इतक्या कॅसेटींमध्ये ती आहे ती फक्त स्वयंपाकघरातून ओरडताना. अहो, ते बंद करा आधी, दूध उतू गेलं. त्या पोरीला श्वास तरी घेऊ द्या. एकदा अण्णांनी टेपरेकॉर्डर टेबलक्लॉथखाली लपवला, तर ‘हे खाली काय घुरघुरतंय?’ म्हणून तिने तोही पकडला, आणि त्या दिवशी अण्णांना जे काही ऐकवलं, ते तर माझं सगळ्यात लाडकं. मी ते अधूनमधून लावायचो. वहिनीला वाटायचं मी बातम्या ऐकतोय. आईचा ओरडा खायला परत लहान व्हावं, असं या वयातही वाटतं, चिमणे, खोटं कशाला सांगू.

तर डिस्क. दुकानदार म्हणाला, काका, मिळेल ती चालत नाही. पेटीच्या कंपनीची एक यादी असते, तीतलीच सुसंगत. शिवाय ती दिवसरात्र फिरणारी हवी, साध्या कॉम्प्युटरची लवकर दमते. शिवाय स्वस्तातल्या काहींमध्ये लिखाणाच्या पट्ट्या कौलांसारख्या एकमेकींवर चढवलेल्या असतात, एक बदलायची तर शेजारच्या उचकटाव्या लागतात, मग जोडी जमवताना पेटी रडकुंडीला येते. शिवाय दोन्ही एकाच मापाच्या. (जोडे घेताना इतक्या अटी ऐकल्या नव्हत्या.) मी म्हटलं विचार करून येतो. घरी ती यादी भिंग घेऊन वाचली, आणि काय सांगू, आपल्या जुन्या टकटकीचा नंबर तीत सापडला! अक्षर न अक्षर तोच. म्हणजे ती सुसंगत. म्हणजे पेटी तिला सामानसुमानासकट आत घेणार. मग नवी एकच आणली. ‘आणि दुसरी?’ असं दुकानदाराने विचारलं तेव्हा मी नुसता हसलो, शहाण्यासारखा.

जुनी एका खणात बसवली, नवी दुसऱ्यात. हिशेब सोपा होता, या खणातली आई आपोआप त्या खणात उतरेल. पेटी मराठीत बोलते हे पाहून ऊर भरून आला. मग तिचं मराठी वाचलं. पहिल्याच पानावर ‘स्विकारा’! पहिली वेलांटी! दातओठ खात स्वीकारलं. पुढे एक लाल चौकट आली, आणि तीत, जाड ठशात, ‘माहीती’. ही दीर्घ! अगं, जिथं डोळ्यांत तेल घालून तपासायचं तिथंच! मी वहिनीला भाजी गॅसवरून उतरवायला लावून बोलावलं आणि दाखवलं. ती म्हणाली, ‘अहो, पण ते काय म्हणतंय ते तर वाचा.’ मी म्हटलं, ज्यांना लिहिता येत नाही त्यांचं म्हणणं काय वाचायचं? आणि ‘होय’ दाबलं. मग लगेच कंपनीला शुद्धलेखनावर खरमरीत पत्र लिहिलं.

थोड्या वेळाने दोन्ही खणांवर हिरवे दिवे लागले. तर असा तुझ्या पेटीचा संसार सुरू झाला. काळजी नसावी. गुडघ्याला शेक देत जा.

तुझा,
दादा

ता. क. त्या चौकटीतलं अख्खं वाक्य असं होतं: ‘या डिस्कवरील सर्व माहीती कायमची पुसली जाईल. पुढे जायचे?’ मी वेलांटी वाचली. वाक्य वाचलंच नाही.

आणखी एक ता. क. पुसलेलं परत आणणाऱ्या माणसाकडे ती डिस्क नेली. त्याने बिचाऱ्याने खूप खटपट केली. अण्णांचं ‘हॅलो, हॅलो’ मिळालं, तुझे अर्धे पाढे मिळाले. आई नाही मिळाली. दुकानाच्या पायरीवर बसून मी रडलो.

शेवटचा ता. क. (आणि खरं पत्र हेच.) मागे मी गोळ्या चुकवल्या म्हणून तू फोनच्या स्पीकरवरून मला झाडत होतीस, तेव्हा पलीकडच्या खोलीतून वहिनी धावत आली. म्हणाली, मला वाटलं सासूबाईच बोलतायत. तेव्हा मी हसण्यावारी नेलं होतं. आता हे पत्र वाचून तुझं डोकं फिरेल, फिरायलाच हवं. पण उत्तर लिहू नकोस. राग थंड व्हायच्या आत फोन कर आणि मला हवं ते बोल, जितकं बोलवेल तितकं. मी मध्ये तोंड उघडणार नाही. पेटीत आता दोन नव्या डिस्क आहेत, यादीतल्या, एका मापाच्या, आणि मी रेकॉर्डिंग सुरू करून बसणार आहे. फक्त एक कर, रागावता रागावता हसू आलं तर आवरू नकोस. आईलाही यायचं.