मधलं कापड

मामंजी, तुमाला जाऊन लय वर्षं झाली, पण माझं तुमच्याशी भांडण काही मिटलेलं नाही. तुमी होतात तेव्हा तोंड वर करून बोलायची सोय नव्हती. सुनेनं डोक्यावरचा पदर सावरायचा अन् "व्हय मामंजी" म्हणायचं, एवढंच. आता मीच म्हातारी झाले, आता कुणाची भीती? म्हणून लिहायला बसले.

हाडं बसवणारे म्हणून पंचक्रोशीत तुमचं नाव. बायामाणसांच्या अंगाला हात लावायला घरातली बाई पाहिजे, म्हणून तुमी मला शिकवायला घेतलंत. माठ फोडायचात, खापरं उशीच्या अभ्र्यात भरायचात, आणि मी वरून चाचपत चाचपत तो माठ आतल्या आत जुळवायचा. एक खापर चुकलं की ओरडायचात, "हात हाय का खुरपं?" पहाटेपासून शेण काढून, भाकरी थापून आलेले हात होते ते! वर्षभरानं माठ सबंध जुळला. मी वाट बघत बसले, काहीतरी बोलाल म्हणून. तुमी चिलीम भरायला लागलात.

कापडातून कशाला शिकायचं, असं मी एकदाच विचारलं. तुमी म्हणालात, "ओढ्यापलीकडची माणसं येतात. त्यांना परत लावायचं न्हाई, अन् शिवायचंबी न्हाई. मधी कापडाचं धडपं टाकायचं. हाताला समदं कळतं." ती माणसं अंगणाबाहेर लिंबाखाली बसायची. तुमी धडप्यावरून त्यांचे हातपाय ओढायचात, वर गावभर सांगायचात, माझ्या दारातून कुणी माघारी जात न्हाई म्हणून. आणि पाटलाच्या घरची म्हातारी पाय मुरगळून बसली तेव्हा? "उघड्या हातानं बघ, नीट कळतं," असं म्हणालात मला. म्हणजे तुमाला माहीत होतं! खोटारडे होता तुमी, मामंजी. बघा, लिहिला हा शब्द, अन् आभाळ काही कोसळलं नाही.

नामांतराच्या दंगलीचं ते साल. ओढ्यापलीकडची घरं जाळली. जाळणारे कोण, ते आपल्या आळीत सगळ्यांना ठाऊक होतं आणि सगळे गप्प होते. दोन दिवसांनी तिकडची एक बाई आली, माझ्याच वयाची. पळताना पडून कोपर निखळलेलं, सुजून भोपळा झालेला. ती लिंबाखाली बसलीय, दुसऱ्या हातानं तो हात छातीशी धरून. मी धडपं टाकते, दुहेरी. चाचपते, ओढते, आत कट्टकन वाजतं. बसलं, असं मला वाटतं. "लय दुखायलंय, माय," ती म्हणते. "दुखणारच की," मी म्हणते आणि कामट्या बांधते. हाडाची एक कपची सुटून सांध्यात अडकली होती. कापडावरून ती मला कळलीच नाही. हात जो वाकडा झाला तो झालाच. डोक्यापर्यंत पोचत नाही, त्यामुळे तिला स्वतःची वेणी घालता येत नाही.

तुमी गेल्यावर मी परभणीला मालिश-उपचाराचा वर्ग धरला. तुमी असतात तर जाऊच दिलं नसतं. सहा महिने एसटीनं ये-जा केली, परीक्षेनंतर प्रमाणपत्र मिळणार होतं. तिथं पहिल्याच दिवशी एकमेकींच्या पाठीवर उघडे हात ठेवून नुसतं थांबायला सांगितलं. दाबायचं नाही, ओढायचं नाही, खालचं अंग काय सांगतंय ते ऐकायचं. बाकीच्या पोरी शिकत गेल्या. मी, एवढी हाडं बसवलेली, पहिल्या परीक्षेत नापास! शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "ताकद आहे हो तुमच्या हातात, पण तुम्ही माणसाला लांबूनच धरता. असं कुणी शिकवलं तुम्हाला?" वर्गासमोर माझी मान खाली गेली. तुमचं नाव मी सांगितलं नाही. घरी येताना मात्र एसटीत तुमाला इतक्या शिव्या घातल्या, की शेजारची बाई उठून दुसरीकडं बसली.

दुसऱ्या खेपेला पास झाले. प्रमाणपत्र हातात पडलं तशी ओढा ओलांडून तिच्या दारात गेले. म्हणाले, "हात बघू द्या एकदा. सरळ होणार न्हाई, पण चोळून थोडा मोकळा होईल." ती ज्वारी पाखडत होती, वाकड्या हाताच्या बेतानं, सूप पोटाशी धरून. तिनं वरसुद्धा बघितलं नाही. "दुखत व्हतं तवा शिवल्या न्हाईत," ती म्हणाली. "आता दुखत न्हाई. जावा तुमी." मी तिथंच उभी राहिले. मग तिनं सूप जोरात आपटलं आणि फोलपाटं माझ्या पायावर उडाली. मी निघून आले.

हे पत्र जाणार कुठं? ट्रंकेत साड्यांखाली पडून राहील. सगळं तुमच्या माथी मारून मोकळं व्हायचं, असं ठरवून बसले होते. पण ती कोपर धरून आली त्या दिवशी तुमी घरी नव्हतातच, मामंजी. ताडकळसच्या बाजाराला गेला होतात. लिंबाखाली आमी दोघीच होतो, तिसरं कुणी बघायला नव्हतं. आतून धडपं मीच आणलं, दुहेरी मीच केलं. संध्याकाळी आल्यावर तुमी विचारलंत, "कापड टाकलं व्हतंस ना?" मी व्हय म्हणाले. "शाब्बास," तुमी म्हणालात. उभ्या जन्मात एकदाच म्हणालात, अन् मला लय बरं वाटलं.